‘बीट’ म्हणजे थांबा

शिक्षक मंडळी, आज रोह्यात आमच्या शाळेत माझ्या एका शब्दामुळे नववीतल्या मुलीचं नाक फुटलं.

इंग्रजी आणि नाटकाच्या पहिल्या दोन आठवड्यांची आखणी मी सुट्टीत केली. त्यासाठी एक इंग्रजी संवाद लिहिला आणि दर पानावर तीनदा कंसात ‘बीट’ टाकलं. नाटकवाल्यांच्या इंग्रजीत त्याचा अर्थ क्षणभर थांबा. शिबिरात शिकलो होतो. मुलांना सांगायचं मात्र राहिलं; त्यांना ‘बीट’ म्हणजे ‘मारा’ एवढंच ठाऊक.

आज वर्गात जोड्याजोड्यांनी सराव चालू असताना मी दुसऱ्या जोडीकडे होतो. इकडे सानिकाने श्रुतीला दोन वाक्यांत दोन थपडा लगावल्या आणि तिसऱ्याला नाकावर ठोसा मारला.

“मारलंस कशाला गो?”

“सर, तुम्हीच लिवलंय.”

रुमाल रक्ताने भिजला तरी श्रुती म्हणाली, “व्हय सर. पुढच्या पानावर मारायचा माझा नंबर होता.”

मुख्याध्यापक सानिकाच्या वडिलांना फोन लावू लागले. सानिका म्हणाली, “बाबांना नको सर. ते मारायला लागले का थांबत नाय.”

चूक माझी, असं मी लिहून दिलं. फोन टळला.

संध्याकाळी देवापुढे बसलो, पण मन लागेना. सरांनी लिहिलंय म्हणून एकीने मारायचं आणि दुसरीने सोसायचं, हे आम्हीच शिकवलं ना? तुमच्या वर्गात ‘का?’ असं कोणी शेवटचं कधी विचारलं होतं?