एकोणीस ओले दिवस

अरेतीला एका जागी बसवत नसे. टपाल वाटायची नोकरी संपून नऊ वर्षं झाली होती, तरी सकाळचे सात वाजले की तिचे पाय वळवळायला लागत. ग्रीसमधल्या तायगेतोस डोंगराच्या कुशीतली पाच गावं तिने सव्वीस वर्षं पायी तुडवली होती. वाटेत कालामोरेमा नावाचा ओढा सात ठिकाणी ओलांडावा लागे. थोरला भाऊ त्याच ओढ्याच्या पुरात वाहून गेला होता, म्हणून आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कुठे पाणी होतं, कुठे नव्हतं, रोज लिहायचं. मी वाचणार." तशा सव्वीस वह्या भरल्या. सात उतार, म्हणजे ओढा ओलांडायच्या जागा, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: ओलं किंवा कोरडं.

या वह्यांचा सुगावा मिर्सिनीला लागला. ही पोरगी अथेन्सची. ओढे कुठे आणि कधी वाहायचे थांबतात, याचं गणित ती संगणकावर मांडत होती. पाऊस, माती, झाडं सगळं त्यात घातलं होतं. पण ते पडताळायचं कशावर? आटणाऱ्या ओढ्याची मोजदाद कोण ठेवतो?

वह्या पाहून ती नाचायचीच बाकी राहिली. "मावशी, सोनं आहे हे!"

"सोनं कसलं गं, माझ्या बुटांचा चिखल तो."

दोन महिन्यांनी मिर्सिनी परत आली आणि अंगणातल्या तुतीखाली बसली.

"जवळजवळ सगळं जुळलं, मावशी. फक्त त्र्याण्णवचा जुलै अडलाय. गणित म्हणतं, चौथा उतार सहा तारखेला आटला. तुम्ही पुढे एकोणीस दिवस ओलं लिहिलंय. माझंच चुकत असणार. तिथे एखादा झरा धरून सगळं परत मांडते."

अरेतीने कॉफीचा कप तसाच खाली ठेवला. ती उठली आणि नुकतंच पाणी घातलेल्या तुळशीच्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालायला लागली.

दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. नसलेल्या झऱ्यासाठी ही पोर सगळं गणित वाकवणार! तिसऱ्या दिवशी ती तडक मिर्सिनीच्या खोलीवर गेली आणि दारातूनच म्हणाली, "झराबिरा काही नाही तिथे. मी खोटं लिहिलं."

"खोटं? कशाला?"

"कशाला काय विचारतेस! अठ्ठावीस वर्षांची होते. स्त्रातोसच्या पावाच्या गाडीतून वरच्या रस्त्याने जायचे. ओढ्याकडे फिरकलेसुद्धा नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा पाणी होतं, तेच रोज लिहीत गेले. आई वाचायची ना!"

मिर्सिनीला हसू आवरेना. "मग? कळलं आईंना?"

"विसाव्या दिवशी. घर डोक्यावर घेतलं तिने. भावाच्या पाठी मी एकटीच उरलेले, मला सोडेना. पुढच्या वर्षी स्त्रातोस मेलबर्नला गेला." अरेती पलंगाच्या कडेवर टेकली आणि लगेच उठली. "दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेले, तर चौथा उतार कोरडा ठणठणीत. मेला कधी आटला, आजवर ठाऊक नव्हतं मला. तू सांगितलंस."

पोरीचं हसू मावळलं. तिने एकोणीस ओळी खोडल्या. झरा धरायची गरजच उरली नाही. गणित आपल्या पायावर उभं राहिलं.

"रागावलीस?" अरेतीने विचारलं.

"रागावू कशी? खोटी नोंद स्वतःहून सांगणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं."

त्या उन्हाळ्यात मिर्सिनीचा फोन आला. "मावशी, दुसरा उतार चौदा जुलैच्या आसपास आटेल. बघून सांगाल?"

चौदापर्यंत थांबेल ती अरेती कसली? अकरालाच गेली. दोन बोटं रुंद धार उरली होती आणि खालच्या डबक्यात मासोळ्या दाटीवाटीने तडफडत होत्या. तिने शेजारच्या थानोसला हाक मारली. "बादल्या घे दोन. गुडघेदुखीचं नंतर सांग, आधी खाली उतर!"

दोघांनी मिळून दुपारपर्यंत अकरा खेपा केल्या आणि मासोळ्या वरच्या खोल डोहात नेऊन सोडल्या.

तेरा तारखेला डबकं आटलं. अरेतीने फोन करून पोरीला झापलं, "एक दिवस चुकलीस बघ!" आणि तिसऱ्या उताराची तारीख विचारून घेतली.