टाकीच्या पोटातला अँटेना

आमच्या गच्चीवरची काळी टाकी पाण्याची नाही. इतकी वर्षं मी गल्लीला खोटं सांगितलं.

मोबाईलचा टॉवर गल्लीत नको म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता. सह्या गोळा केल्या, कंपनीच्या माणसाला हाकलून लावलं. काही दिवसांनी तोच माणूस एकटा घरी आला. "टॉवर नको तर नको, काका. टाकी बसवू. कुणाला कळायचं नाही." आत अँटेना आणि बाहेर टाकीसारखं फायबरचं कवच. पत्रा लहरी अडवतो, फायबरमधून त्या आरपार जातात, हेही त्यानं समजावलं. भाड्याच्या मोहानं मी सही केली. त्या हाताची आज शिसारी येते.

आमच्या तरुणपणी अँटेना लपवायची वस्तू नव्हती. शेजारचे दादा आणि मी मिळून टीव्हीचा अँटेना याच गच्चीवर उभा केला होता. ते वर पाइप फिरवायचे, मी खालून "आलं, आलं... गेलं" म्हणून ओरडायचो, आणि अख्खी गल्ली हसायची. दादा गेले. वहिनी आता एकट्याच राहतात.

पंचगंगेला पूर आला, पंप बुडाले आणि कोल्हापुरातले नळ बंद पडले. टँकर आमच्या गल्लीत पोचेना. वहिनी कळशी घेऊन दारात आल्या.

"भावजी, टाकीतलं एक कळशी द्या की. घरात प्यायला थेंब न्हाय."

"टाकीत शेवाळ झालंय, वहिनी."

"उकळून घेते की."

"नको, आजारी पडाल."

"मग एवढं धूड डोक्यावर कशाला ठेवलंय? शोभेला?"

घरात पाण्यानं भरलेलं पिंप होतं. त्यातलं दिलं तर ते टाकीतलंच समजून सगळी गल्ली रांग लावेल, या भीतीनं तेही दिलं नाही. या वयात त्या चिखल तुडवत पलीकडच्या गल्लीत गेल्या.

पूर ओसरल्यावर मी त्यांना गच्चीवर नेलं, टाकीवर टकटक केली आणि सगळं सांगितलं. पिंपाचंही.

"लेकीचा फोन एवढा स्वच्छ ऐकू येतोय, तो ह्यामुळं व्हय," त्या म्हणाल्या. मग जिना उतरताना थांबल्या. "लपवायचं ते लपवलंत, भावजी. पिंपातलं तरी द्यायचं की."

त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. आपण सुटलो, असं वाटून मला चार दिवस बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच किळस आली, म्हणून हे लिहिलं. आता गल्लीनं वाचावं.