पाव फेरा

काशिनाथदादा गेल्याचं मला आनंदनगरच्या कारखान्यात, गेटवरच्या फोनवर कळलं. त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा सकाळी गेले…" फोन ठेवला आणि मनात पहिलं काय आलं, तर आज सोमवार, आज दादांचा फेरा राहिला. अशा वेळी असलं काही सुचावं याची लाज वाटली. पण माझं आणि दादांचं नातं त्या फेऱ्यावरच उभं आहे.

मी उदगीरकडचा. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर पोटासाठी अंबरनाथ गाठलं आणि एका कंपनीत दादांच्या हाताखाली लागलो. दादा खरवईचे, घरची भातशेती सांभाळून फिटरचं काम करणारे. मला वर्ष भरत नाही तोच कंपनीत टाळेबंदी झाली. बुवापाड्यात खोली, गावाकडे बाळंतपणाला गेलेली बायको, आणि तिच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, कधी येताय. मी लिहायचो, या सोमवारी गेट उघडेल. उल्हासनगरात एका सिंधी शेटकडे जीन्सचे धागे कापून दिवस काढत होतो. छातीत सारखी धडधड असायची. मुलगी झाल्याचं पत्र आलं तेव्हाही आनंदाआधी धडधडच झाली.

दादा मात्र दर सोमवारी मॅनेजरच्या परवानगीने अर्धा तास आत जात आणि मलाही नेत. आत हवा फेकणारा एक मोठा ब्लोअर होता. असं यंत्र बंद पडून राहिलं की शाफ्टचं सगळं वजन बेअरिंगच्या एकाच जागी बसतं, तिथे खड्डा पडतो आणि यंत्र कायमचं जातं. म्हणून दादा पान्याला पाइप लावून शाफ्ट पाव फेरा फिरवत, तेल घालत आणि शाफ्ट कुठवर आला याची खूण मला खडूने करायला लावत. शाळा सुटल्यावर माझ्या हातात खडू पुन्हा आला तो असा. बाहेर आलो की गेटसमोर मांडवात धरणं धरून बसलेले कामगार चिडवायचे, "काय दादा, मालकाचं पोर जोजवून आलात?" दादा हसून म्हणत, "जोजवलं. उठलं की रडून तुम्हालाच बोलावंल."

मग दादा मलेरियाने आजारी पडले. तीन सोमवार मी एकटा गेलो. कोणासाठी फिरवायचं, असं झालं होतं. मी जुनी खूण पुसली, पुढे नवी काढली आणि शाफ्टला हात न लावता बाहेर आलो. तिन्ही वेळा.

बरे होऊन दादा आले, वाकून पाहू लागले. शाफ्टपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं अख्खं जाळं होतं. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खडू फिरवलास, शाफ्ट नाय फिरवलास."

मी रडकुंडीला आलो. "दादा, तुम्हाला भरवसा आहे, मला नाही. काय करू?"

"मला कुठं हाय? फिरवतो, तवा सोमवारपुरता येतो. आठवड्यात संपतो. मग परत फिरवायचा." त्यांनी पाना माझ्या हातात दिला. त्यानंतर माझा एकही सोमवार चुकला नाही.

गेट उघडलंच नाही. अडीच वर्षांनी यंत्रं विक्रीला निघाली, बरीचशी भंगारात. आनंदनगरला नवा कारखाना टाकणारे एक साहेब ब्लोअर बघायला आले. त्यांनी हाताने जोर दिला आणि शाफ्ट सुरळीत फिरला. "कोणी सांभाळला हा?" दादांनी मला पुढे ढकललं. "ह्यानं. दर सोमवारी." मी तोंड उघडलं तर त्यांनी माझं कोपर दाबलं. साहेबांनी ब्लोअर नेला आणि त्याच्याबरोबर मला. दादांची सहा वर्षं नोकरी बाकी होती.

"असं का केलंत?" मी नंतर विचारलं.

"माझं खरवईला भात हाय. तुझं इथं काय हाय?"

पुढे वहिनींकडून कळलं की ती अडीच वर्षं कंपनीचा खाकी ड्रेस धुऊन, इस्त्री करून खुंटीला असायचा. ब्लोअर गेला त्या संध्याकाळी दादांनी तो स्वतः घडी करून पेटीत ठेवला आणि जेवले नाहीत…

परवा, तीन आठवड्यांनी, सुट्टी काढून खरवईला गेलो. पडवीत त्यांची सायकल उभी होती. शेवटची दोन वर्षं पाय चालत नव्हते. "तरी म्हणायचे, बरा झालो की बदलापूरच्या बाजारात सायकलनंच जाईन," वहिनी म्हणाल्या. "टायर एका जागी बसू नये म्हणून दर सोमवारी चाक फिरवायचे." टायरवर खडूच्या खुणा होत्या. आणि मडगार्डपासून तारांपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं.

वहिनींनी कोनाड्यातला खडू आणून माझ्या हातावर ठेवला. मी चाक उचललं, पाव फेरा फिरवलं. जाळं तुटलं. खूण करताना रेघ वाकडी आली.

"पुढच्या सोमवारी?" वहिनींनी विचारलं.

"पहिली पाळी सुटली की येतो," मी म्हणालो आणि खडू खिशात टाकला.