आधी पपई, मग बाबा

बाबांची दाढी वाढली आणि आमच्या घरात कोणीतरी गेल्याची बातमी मये गावात पसरली. आमच्याकडे सुतक असलं की पुरुष दाढीला हात लावत नाहीत, आणि एरवी बाबांच्या तोंडावर दाढी कोणी कधी पाहिलीच नव्हती. जन्मभर मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस. एक दिवसाआड दाढी हा त्यांचा नेम. सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे पाव घ्यायला आलेल्या शेजारच्या काकीने बाहेरच्या सोप्यावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं, चेहरा पाडला आणि माझ्या बायकोला हळूच विचारलं, "घरांत कोणाचें सुतक काय गो?"

बाबांनी ते ऐकलं. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, कान शाबूत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सोप्यावर यायचं बंद केलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर बजावत होते, बसवा, बाहेर आणा, माणसांत ठेवा, नाहीतर आहे तेवढंही जाईल. मला काकीचा राग आला, पण तिचं काय चुकलं? मलाही परक्याच्या घरी तसंच वाटलं असतं.

इतकी वर्षं बाबांची दाढी कारापूरचे एक म्हातारे न्हावी घरी येऊन करत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. झटका आल्यानंतरही ते एकदा आले. पाणी गरम झालं, फेस लागला, मामांनी वस्तरा उघडला आणि तो हवेतच थरथरायला लागला. मामा क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग वस्तरा मिटून म्हणाले, "हात माझो उरलो ना." बाबांच्या गालावरचा फेस त्यांनी टॉवेलने पुसला आणि चहा न घेताच गेले.

मग डिचोलीच्या बाजारातल्या सलूनवाल्याला गाडीवर बसवून आणलं. त्याने हात पुढे करताच बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट असं काही धरलं की बिचारा घाबरला आणि पैसेही न घेता निघाला. मी स्वतः माझं रोजचं प्लास्टिकचं रेझर फिरवून पाहिलं. बाबांची उजव्या गालाची कातडी सैल लोंबत होती, तिची घडी रेझरखाली आली आणि कापली. बाबांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू. एवढासा काप, पण तासभर तुरटी आणि कापूस दाबून बसलो तेव्हा रक्त थांबलं. त्यानंतर माझंही मनगट धरायला बाबांनी कमी केलं नाही. दाढीचं यंत्र आणलं, त्याची घरघर ऐकूनच त्यांनी तोंड फिरवलं.

शेवटी एका रविवारी स्कूटर काढली आणि कारापूरला मामांकडे गेलो. म्हटलं, मला वस्तरा शिकवा. मामा हसले. पण हसता हसता आत गेले आणि आपला जुना वस्तरा आणि चामड्याचा पट्टा घेऊन आले. प्लास्टिकमध्ये पातं कुठे आहे ते दिसत नाही, वस्तऱ्यात दिसतं, एवढंच त्यांचं म्हणणं. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला आणि म्हणाले, "धार लाव बघू."

हे मला येतं असं मला वाटलं. आमचं कुळागर आहे, नारळ-सुपारीची बाग. कोयत्याला धार लावत मी लहानाचा मोठा झालो. दगडावर कोयता लावतो तशी धार पुढे करून मी वस्तरा झोकात सरकवला. चामड्यात बोटभर चीर पडली. मामांच्या बापाच्या वेळचा पट्टा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा रागावले नाहीत. "कुळागरवाल्याचो हात," म्हणाले. "हो कोयतो न्हय, पुता. हाची पाठ फुडें चलता." जाड पाठ पुढे, धार मागून, आणि पट्ट्याच्या टोकाला वस्तरा उलटायचा तोही पाठीवरून, धारेवरून नाही. दाब अजिबात द्यायचा नाही. चाळीस वर्षं जोर लावायला शिकलेल्या मनगटाला जोर काढून घ्यायला शिकवणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. चिरलेल्याच पट्ट्यावर, चीर टाळून, त्यांनी मला दुपारपर्यंत घासायला लावलं.

निघताना वस्तरा आणि पट्टा माझ्या हाती देऊन म्हणाले, "तोंडाक लावचे आदीं पपायेक लाव. झाडावरच्या हिरव्या पपायेक. चीक आयलो म्हणजे रगत आयलें समज."

कच्च्या पपईला नख लागलं तरी चीक येतो, हे मला काय नवीन होतं? तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी कुळागरात साबणाची वाटी, ब्रश आणि वस्तरा घेऊन पपईपुढे उभा राहिलो तेव्हा आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून घेतलं. पपईला फेस लावला. वस्तरा तिरका धरून फेस काढला. पाण्याने पुसल्यावर पाहिलं तर चार ठिकाणी पांढरे थेंब डवरलेले. चार ठिकाणी बाबा कापले होते. पपई वाकडीतिकडी आहे, वस्तरा जुना आहे, उजेड कमी आहे, अशी सगळी कारणं मी स्वतःला देऊन पाहिली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आठवडाभर तेच. बायको परसातून ओरडून विचारायची, "पपायची दाढी झाली काय? मग भाजीक कापूं?" घरात पपईची भाजी इतक्यांदा झाली की मुलीने ताटावर बसायचं नाकारलं. आठव्या की नवव्या दिवशी मी एक अख्खी पपई पुसून उन्हात फिरवून पाहिली. चीक नव्हता. पुन्हा पाहिली. खरंच नव्हता. मी एकटाच हसलो.

मग माझं तोंड. फक्त गाल, असं मामांनी सांगितलं होतं, हनुवटीला पहिल्या दिवशी जायचं नाही. मी शहाणा, गेलो. हात दाखवून अवलक्षण. ऑफिसात हनुवटीवर कापूस चिकटवून गेलो आणि दिवसभर चौकशा ऐकल्या. त्या कापाने मात्र एक शिकवलं: कातडी ताणून धरायला दुसरा हात जेवढं काम करतो, तेवढं वस्तऱ्याचा हातही करत नाही. तीन आठवडे मी रोज वस्तऱ्याने दाढी केली. शेवटचे बारा दिवस तुरटी लागली नाही.

ज्या सकाळी बाबांची दाढी करायची ठरवली, त्या सकाळी मला न्याहारी गेली नाही. बाबांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, मानेखाली उशी दिली, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर धरला. फेस लावला. वस्तरा उघडला तशी त्यांच्या डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. मी हात सोडवला नाही. म्हटलं, धरा, मी हळू जातो. आणि त्यांच्या मुठीसकट वस्तरा गालाला टेकवला.

बऱ्या बाजूने सुरुवात केली. फेस निघाला, खालची कातडी स्वच्छ. मूठ तशीच घट्ट. मग उजवा गाल. सैल कातडी मी अंगठ्याने कानाकडे वर ताणली. बाबांच्या गालाला मी असा हात कधी लावला होता, मला आठवेना. मास्तर माणूस, जवळ घेणं त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही मागायचं सुचलं नाही. गाल मऊ होता.

मी अर्ध्यावर आलो असेन. एकदम मनगटावरची मूठ सुटली, हात मांडीवर पडला आणि मान उशीवर एका बाजूला कलली. दुसरा झटका. वस्तरा दूर धरून मी "बाबा, बाबा" म्हणत त्यांच्या तोंडाशी वाकलो.

ते घोरत होते. न्हाव्याच्या खुर्चीत लोक झोपतात तसे, फेसाने भरलेल्या तोंडाने, शांत.

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच. मला रडू आलं, पण हातात उघडा वस्तरा होता. मग पट्ट्यावर चार हात मारले, पाठ पुढे, धार मागून, आणि उरलेली दाढी त्यांना न उठवता पुरी केली. गळ्यापर्यंत. एक थेंब रक्त नाही.

जाग आल्यावर बाबांनी डाव्या हाताने आधी एक गाल चाचपला, मग दुसरा. मग सोप्याच्या दाराकडे बघून जड जिभेने मला एवढंच म्हणाले, "भायर."