तुतवाराचा खडक

माणसं हट्टाने शेत राखतात, मिशा राखतात, मान राखतात. माझ्या चुलतसासऱ्यांनी एका पक्ष्यासाठी नदीतला खडक राखला. मी त्यांना मामा म्हणे. पिंपळे सौदागरला पवनेच्या काठी त्यांचं घर. कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून आले की चहाआधी ते नदीवर जात. धुण्याच्या घाटाखाली एक काळा खडक होता आणि पावसाळा सरता सरता त्यावर तुतवार येऊन बसे. साळुंकीहून जरा लहान, पाठीवर मातकट, पोटाला पांढरा, आणि शेपूट सारखं वरखाली. त्याला कोणी चिमणी म्हटलं, तर त्या माणसाला मामा चहा विचारत नसत. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा चिमणीच म्हणालो आणि जावई असून कोरडा परतलो.

“हिमालयाकडनं येतो, जावईबापू. एकटा येतो, एकटा खातो, कुनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई.” दरवर्षी तोच तुतवार येतो, यावर त्यांचा पक्का विश्वास. त्याच्या येण्याच्या सुमाराला ते रजा मागत.

“कारण?” साहेबांनी एकदा विचारलं.

“पाव्हणा येनार हाय.”

“कोण?”

“तुतवार.”

“कुठले हे?”

“हिमालयाकडले.”

एवढ्या लांबची सोयरीक पाहून साहेबांनी मुकाट्याने रजा दिली.

पुढे एका नव्या कारखान्यासाठी नदीवर पंपघर बांधायचं ठरलं. खडक सुरुंगाने फुटणार होता. मामा घोंगडी आणि विड्यांचा कट्टा घेऊन खडकावर जाऊन बसले. रजा संपली, पगार कापला गेला, मामा हलले नाहीत.

ठेकेदार म्हणाला, “आजोबा, पक्षी बसेल की दुसऱ्या दगडावर.”

“तू बसतो का रं दुसऱ्याच्या घरात जाऊन?”

“मग पाणी कुठून उचलू?”

“दोन हात सरकून उचल.”

भाकरी घेऊन आलेल्या मामी ठेकेदाराला म्हणाल्या, “सरका दादा तुमीच. ह्ये अंतरपाट धरला तवाबी नदीकडंच बघत व्हते.”

शेवटी पंपघर सरकलं. त्या वर्षी तुतवार वेळेवर आला, खडकावरून सरळ पुढे गेला आणि पंपाच्या लोखंडी पाईपवर बसून शेपूट हलवू लागला. अख्खा घाट हसला. मीही हसलो. “मामा, तुमचा पाहुणा पाईपवर उतरला की.”

मामा विडी पेटवत म्हणाले, “बसू द्या. खडक हाय म्हनून तो पाईपवर बसतोय. खडक नसता, तर बसावं लागलं असतं.”

मामा गेले. खडक आहे. परवा आमच्या ऑफिसातले एक साहेब सोबत होते, त्यांना नदी दाखवायला घाटावर नेलं. तुतवार खडकावर उतरला होता.

“छान चिमणी आहे हो,” साहेब म्हणाले.

घर समोरच होतं, मामींनी चुलीवर आधणही ठेवलं असेल. मी साहेबांना बसस्टॉपपर्यंत पोचवून आलो.