डाव्या सीटवरचं वजन

जगात भूत नाही, हे ज्या माणसाने मला पुराव्यानिशी पटवून दिलं, त्याच माणसाने मला आयुष्यात सर्वांत जास्त घाबरवलेलं आहे. हा माणूस म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. घाटकोपरला त्यांचा एक गाळा आहे आणि त्यात ते हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या सेन्सरांची दुखणी शोधतात. शोधणं महत्त्वाचं, दुरुस्ती काय कोणीही करील, असं त्यांचं मत. दुसरा मेकॅनिक गाडी आली की बॉनेट उघडतो. साडू मालकाला बाहेर बाकावर बसवतात, स्वतः गाडीत बसून दारं लावून घेतात आणि पडद्याचा टेस्टर मांडीवर घेऊन तासभर गप्प बसतात. गाडी कधी खोटं बोलत नाही, मालक बोलतो, हा त्यांचा सिद्धांत. मग काच खाली करून ते बाकावरच्या माणसाला विचारतात, गेल्या महिन्यात ही गाडी तुमच्याशिवाय कोणी चालवली? या एका प्रश्नाने मुलुंडच्या एका सुखी कुटुंबात जे रामायण घडलं, ते अजून मिटलेलं नाही.

या गाड्यांतल्या जबर करंटच्या वायरी नारिंगी असतात. त्यांच्या जवळपास काम करताना साडूंचा डावा हात कायम पाठीमागे, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जायला नको. पुढे सवयीने ते वांगीसुद्धा एका हाताने निवडायला लागले. बॅटरीचा प्लग काढल्यावर आत साठलेला करंट उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, हा नियम सगळ्याच कारागिरांचा. साडूंनी तो संसाराला लावला. ताई काही टोचून बोलल्या की हे घड्याळ बघत दहा मिनिटं गप्प. उत्तर तयार होईपर्यंत ताई भांडण विसरून बांगडे तळायला लागलेल्या असत. या माणसाशी भांडणं म्हणजे पत्र टाकून उत्तराची वाट बघण्यासारखं आहे, असं त्या म्हणायच्या.

भुताचा पुरावा मात्र मी डोळ्यांनी पाहिला. एका गृहस्थांची हायब्रीड गाडी जुहूच्या एका वळणावर रोज बंद पडायची. तिथेच आणि फक्त तिथेच. त्यांनी वळणावर नारळ फोडला, गाडीला लिंबू-मिरची बांधली, शेवटी तो रस्ताच सोडला. साडूंनी गाळ्यात उभ्या गाडीचं स्टिअरिंग अगदी शेवटपर्यंत डावीकडे फिरवलं आणि इंजिन तिथल्या तिथे गप्प झालं. चाकाच्या सेन्सरची वायर तेवढ्या वळणाला ताणली जात होती. “घ्या,” ते म्हणाले, “भूत इथपर्यंत आलं.”

गेल्या वर्षी ताई दीर्घ आजाराने गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. बाबा रिकाम्या सीटला बेल्ट लावून गाडी चालवतात, म्हणाली. त्यांना डॉक्टरकडे नेते आणि गाडी विकून टाकते, पण आधी काका, तुम्ही एकदा बघून या.

रविवारी सकाळी ते मला घ्यायला पार्ल्याला आले. मी सवयीने पुढचं दार उघडलं, तर म्हणाले, मागे बस. गाडी सुरू झाली आणि टुंग टुंग वाजू लागली. डाव्या सीटवर कोणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही, असं तिचं म्हणणं. साडूंनी शांतपणे हात लांबवून बेल्ट अडकवला. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

गाळ्यात पोचल्यावर त्यांनी टेस्टर माझ्या हातात दिला. सीटखाली वजन मोजणारे सेन्सर असतात. सीटवर काहीही नव्हतं आणि पडद्यावर आकडा होता एक्कावन्न किलो.

“बिघाड आहे, मला ठाऊक आहे,” साडू म्हणाले. “कनेक्टर गंजलाय. पाच मिनिटांचं काम. पहिल्यांदा वाजलं तेव्हा अठ्ठावन्न दाखवत होता.”

अठ्ठावन्न म्हणजे आजारपणाआधीच्या ताई. मग दर आठवड्याला आकडा उतरत गेला, त्यांनी सांगितलं. सत्तावन्न, पंचावन्न, त्रेपन्न. ताईंचंही वजन असंच, याच चालीने उतरलं होतं, आणि शेवटी ते एकोणचाळीस होतं. दर शनिवारी ते टेस्टर लावून बसत होते. जगातला प्रत्येक बिघाड शोधल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, त्या माणसाने हा एक शोधूनही तसाच ठेवला होता.

“मग ठेवा ना अजून थोडे दिवस,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “एकदा बघलंय. परत बघूचा नाय माका.”

बॅटरी सोडवून दहा मिनिटं थांबले. डावा हात पाठीमागे ठेवूनच सीटखालचा कनेक्टर बदलला, बॅटरी परत जोडली आणि टेस्टर घेऊन स्टिअरिंगसमोर येऊन बसले. आता फक्त आकडा शून्यावर आणायचा राहिला होता. त्याआधी टेस्टर विचारतो, सीट रिकामी आहे ना? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

साडूंचं बोट ‘हो’च्या वर थांबलं ते थांबलंच. मी दाबू का, विचारलं. यंत्राला आजवर खोटं उत्तर दिलेलं नाही, म्हणाले. मग ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, डावं दार उघडलं आणि वाकून बेल्ट सोडवला. दार धरून उभे राहिले.

“सावकाश उतर गो,” ते म्हणाले.

गाळ्यात वारा नव्हता. तरी गाडी किंचित वर उचलल्यासारखी मला वाटली. माझे डोळे भरले होते, त्यामुळे माझी साक्ष कोणी धरू नये. साडूंनी दार हलक्या हाताने लावलं, येऊन बसले आणि ‘हो’ दाबलं. पडद्यावर शून्य आलं. मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

मुलीला काय सांगायचं ते मी मनाशी ठरवलं. बाबा ठीक आहेत, गाडी राहू दे.

परत सोडायला निघाले तेव्हा त्यांनीच पुढचं दार उघडून धरलं आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो, बेल्ट लावला. घरी उतरताना माझा डावा खांदा दुखत होता, तेव्हा लक्षात आलं की साऱ्या वाटेत मी दाराला चिकटून, अर्ध्याच सीटवर बसलो होतो.