श्वेइमूचा प्लग आणि माझं अंडं

आमच्या बंदरात कुणी मोटारसायकलला मोकळा सायलेन्सर बसवला, की दुसऱ्या दिवशी श्वेइमू मेकॅनिक चिमट्यात इंजिनाचा स्पार्क प्लग धरून माझ्या हातगाडीपुढे हजर. मात्सू देवीच्या देवळासमोर मी तीस वर्षं सोया सॉसमध्ये शिजवलेली अंडी विकते.

"वहिनी, झाकण उघडा."

सायलेन्सर मोकळा झाला की इंजिनात हवा जास्त खेळते, म्हणून पेट्रोलही वाढवावं लागतं. त्यासाठी कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, मोठा घालायचा. किती मोठा, ते प्लग सांगतो. पांढुरका पडला तर इंजिन उपाशी, काळा पडला तर अजीर्ण, आणि माझ्या अंड्यासारखा तपकिरी झाला की बरोबर. ही श्वेइमूची विद्या. अंड्याशेजारी प्लग धरायचा, एक डोळा मिटायचा, मान डोलवायची. मग ते अंडं त्यालाच घ्यायला लावायचे मी. काजळी लागलेलं दुसऱ्याला कसं विकणार?

लोक म्हणत, अरे, रंगांचा छापील तक्ता मिळतो.

"तक्ता उन्हात विटतो," तो म्हणायचा. "वहिनींचं अंडं विटत नाही." आणि मी मेली फुगून बसायचे.

गेल्या वर्षी मी सॉस बदलला. नवा स्वस्त होता, शिवाय अंडी कशी काळपट, छान मुरल्यासारखी दिसायची. खप वाढला. म्हटलं, गावभर दवंडी कशाला पिटायची?

दोन महिन्यांत गावातल्या गाड्या धूर ओकायला लागल्या. पुजारीबुवा नव्या सायलेन्सरची गाडी घेऊन अंत्ययात्रेपुढे निघाले, तर रडायला भाड्याने आणलेल्या बायकांच्या डोळ्यांतून त्या दिवशी खरं पाणी आलं. पुलापलीकडच्या गॅरेजात रांग लागली. श्वेइमू प्लग घेऊन माझ्याकडे दिवसातून तीन-तीनदा येई.

"रंग तर जुळतोय," तो पुटपुटला. "वहिनी, अंडी तीच ना?"

"मग काय बदकाची आहेत?" मी फणकारले. "तीस वर्षं तेच सगळं."

महिन्याभराने त्याच्या दुकानाच्या शटरवर पाटी दिसली: भाड्याने देणे आहे. आत तो पाने पुसून पेटीत भरत होता.

"नजर गेली, वहिनी," तो म्हणाला. "मेकॅनिकची नजर गेली की राहिलं काय? मुलीकडे जातो काओश्युंगला."

मी घरी आले, जेवण जाईना. शेवटी सॉसची बाटली उचलली आणि त्याच्या पुढ्यात नेऊन आदळली.

"हा नवा सॉस आहे. तीन महिने झाले. अंडी काळी पडली, म्हणून तुमचे प्लग काळे. खोटं बोलले मी."

त्याने बाटली उजेडात धरली, एक डोळा मिटला.

"म्हणजे डोळे शाबूत आहेत माझे?"

"डोळे शाबूत आहेत. माझं तोंड फुटकं."

वाटलं, आता पाना फेकून मारतो. पण तो गेला आणि पाटी काढून आला.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या सॉसची अंडी शिजवली. त्याने पुजारीबुवांच्या गाडीचा जेट लहान केला, चक्कर मारून प्लग आणला, झाकण उघडायला लावलं. रंग जुळला. मग अंडं तिथेच उभ्याउभ्या खाल्लं.

"चवीला नवंच बरं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे? चव बदललेली कळली होती तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. पण तुम्ही म्हणालात, सगळं तेच आहे. मला वाटलं, नजरेबरोबर माझी जीभही गेली."

मी त्याला दुसरं अंडं काढून दिलं, प्लग न टेकलेलं.